‘बाराबोर स्वस्तात देणे आहे’ : जुनी बंदूक घेण्याआधी आणि विकण्याआधी हे वाचा

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुभती म्हैस, सेकंडहँड मोटरसायकल, पॉवर टिलर अशा विक्रीच्या पोस्ट रोज येतात. मधेच एखादा वेगळा फोटो येतो. लाकडी दस्त्याची जुनी दुनळी बंदूक, आणि खाली दोन ओळी : ‘बाराबोर, चालू स्थितीत. वडील वारले, घरात कोणी वापरत नाही. स्वस्तात देणे आहे.’

विकणारा बहुतेक वेळा साधा माणूस असतो. घेणाऱ्याच्या मनातही काही वाईट नसतं. रानडुकरांनी भात लोळवलेलं असतं, किंवा जुन्या वस्तूंचा शौक असतो. पण हा सौदा बांधावर, रोख पैसे मोजून झाला तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्ह्यात येतात. म्हैस विकत घेताना दूध बघतात. बंदुकीत सगळ्यात आधी कागद बघायचा असतो. जुनी बंदूक कायदेशीर मार्गाने स्वस्तात मिळू शकते, त्याचा रस्ता कायद्यातच आहे. तो रस्ता कोणता, हे समजून घेऊ.

आधी परवाना, मग बंदूक

देशात शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक किंवा काडतूस विकत घेणं, जवळ ठेवणं, बाळगून फिरणं यासाठी परवाना लागतो. बंदूक नवी की जुनी, विकत घेतलेली की फुकट मिळालेली, याने फरक पडत नाही.

म्हणून क्रम ठरलेला आहे. ‘आधी बंदूक पसंत करू, टोकन देऊ, मग परवाना काढू’ असं चालत नाही. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथली गृह शाखा हे काम बघते. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे जातो. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. स्थानिक पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळता येतं याचं प्रमाणपत्र लागतं. परवाना मिळाला की त्याला एक ओळख क्रमांक मिळतो. त्याला यूआयएन म्हणतात. हा क्रमांक देशपातळीवरच्या नोंदीत असतो. जुन्या पुस्तिकेवर यूआयएन नसेल तर तो परवाना वैध धरला जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आहे.

कोकणात आणि सह्याद्रीच्या कडेच्या तालुक्यांत शेती संरक्षणाच्या बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. कायदाही पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा विचार करतो. ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्यांना पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पण त्यावर अटी असतात. परवान्यात ज्या जमिनीचा किंवा हद्दीचा उल्लेख आहे, तेवढ्यापुरतीच ती बंदूक. ती घेऊन लग्नाच्या वरातीत जायचं नाही. आनंदाच्या भरात हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणखी एक गैरसमज बऱ्याच गावांत आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो की सांबर, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसताना मारलं, तर बंदूक परवान्याची असली तरी गुन्हा दाखल होतो.

वडिलांची बंदूक घरात आहे, वडील नाहीत

जिल्ह्याजिल्ह्यांत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. परवाना वडिलांच्या नावावर. वडील वारले. दिवस-कार्य झालं, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली, बँकेचं खातं मुलांनी बघितलं. बंदूक मात्र माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली राहिली. ‘घरचीच आहे, कुठे जाते?’ असं म्हणत दोन-चार वर्षं निघून जातात.

बंदूक ही मालमत्ता म्हणून वारसांकडे येते. परवाना येत नाही. परवाना हा त्या एका माणसाचा असतो आणि त्याच्याबरोबर संपतो. म्हणजे ज्या दिवसापासून परवानाधारक नाही, त्या दिवसापासून घरातली बंदूक कायद्याच्या नजरेत बिनपरवाना होते. बिनपरवाना बंदूक किंवा काडतूस बाळगल्यास किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड, अशी २०१९ नंतरची तरतूद आहे. मुलाने ती कधी हातात घेतली नसेल, तरी झडतीत ती त्याच्या घरातच सापडते.

कलम २१ यावर सरळ वाट देतं. अशी बंदूक आणि उरलेली काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. आधी ठाण्यात फोन करून सांगावं, कधी आणि कशी आणायची ते विचारावं. पिशवीत घालून एसटीने निघू नये. जमा केल्यावर पावती घ्यावी. पावतीवर बंदुकीचा प्रकार, बनावट, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी.

जमा केली म्हणजे बंदूक गेली, असं नाही. वारसाला स्वतःचा परवाना मिळाला की ती परत घेता येते. परवाना नको असेल तर ती परवानाधारकाला विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावती कपाटात ठेवून विसरायचं नाही.

२०१६ च्या नियमांत वारसांसाठी आणखी एक सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्याने ती बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच आपल्या वारसाचं नाव पुढे करू शकतो. वारस पात्र असेल तर परवान्यासाठी त्याचा विचार होतो. म्हातारपणी आजोबांनी हे एक काम केलं, तर मागच्यांची पळापळ वाचते. मृत्यूनंतर अर्ज करायचा झाल्यास मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, मूळ परवाना आणि इतर वारसांचं ना हरकत पत्र तयार ठेवावं. भावकीत वाद असेल तर काम तिथेच अडतं.

विकायची असेल तर ४५ दिवस

परवान्याची बंदूक खासगीत विकता येते. त्यासाठी दुकानाचा परवाना लागत नाही. मात्र कलम ५ मध्ये दोन अटी आहेत. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं की, बंदूक विकायची आहे आणि ती अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला द्यायची आहे. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा चालू परवाना हवाच.

प्रत्यक्षात आधी गृह शाखेत जाऊन कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं ते विचारून घेणं सोयीचं. व्यवहार पूर्ण झाला की विकणाऱ्याच्या परवान्यावरून बंदूक कमी झाली पाहिजे आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर क्रमांकासह चढली पाहिजे. दोन्ही नोंदी झाल्याशिवाय सौदा पुरा झाला असं समजू नये. गाडी विकून आरसी नावावर न केल्यास दंडाची पावती जुन्या मालकाला येते. बंदुकीच्या बाबतीत तर पोलीस जुन्या मालकाच्या दारात येतात.

दुसरी वाट म्हणजे परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जावं. वापरलेल्या बंदुका अशा दुकानांत विक्रीला ठेवलेल्या असतात. थोडं कमिशन जातं, पण रजिस्टर, पावती, परवान्याची तपासणी ही कामं दुकानदार करतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला हाच रस्ता बरा.

स्वस्त का मिळते, महाग कुठे पडते

जुन्या बंदुका स्वस्त होण्यामागे कारणं आहेत. एका माणसाने किती बंदुका ठेवायच्या, ही मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने ३ वरून २ वर आणली. ही दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. ज्यांच्याकडे तिसरी होती, त्यांना ती एका वर्षात जमा करावी लागली. वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते. दुसरं म्हणजे नव्या पिढीला परवान्याची यातायात नको असते. त्यामुळे साध्या बाराबोर दुनळीला गिऱ्हाईक कमी.

उलट परदेशी बनावटीच्या बंदुका महाग. सामान्य माणसासाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनरसारख्या जुन्या कंपन्यांचा माल देशात जेवढा आहे तेवढ्यातच फिरतो. नावासाठी जादा पैसे मोजायचे की नाही, हे घेणाऱ्याने ठरवावं. पिकाच्या राखणीला भारतीय बनावटीची साधी बंदूक पुरते.

स्वस्ताईचा सापळा बोरमध्येही असतो. बोर म्हणजे काय? नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. एका पौंडात तशा बारा गोळ्या बसल्या तर ती नळी बाराबोर, सोळा बसल्या तर सोळाबोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बाराबोरची नळी साधारण १८.५ मिलिमीटरची, सोळाबोरची सुमारे १६.८ ची. बाराबोरची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात आणि दुकानात सहज मिळतात. सोळा किंवा वीस बोरची शोधत फिरावं लागतं. म्हणून सोळाबोर बंदूक निम्म्या किमतीत मिळाली, तरी काडतुसांअभावी ती खुंटीलाच टांगून राहू शकते.

मडकं वाजवून घेतात, बंदूकही

बंदूक रिकामी आहे याची स्वतः उघडून खात्री केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मालक ‘रिकामीच आहे’ म्हणाला, तरी उघडून बघायचं. मग पुढच्या गोष्टी तपासायच्या :

क्रमांक – नळीवरचा आणि अंगावरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी जुळला पाहिजे. खोडलेला, घासलेला, पुन्हा कोरलेला क्रमांक दिसला तर तिथूनच परत फिरावं. क्रमांक खोडलेली बंदूक बाळगणं हाही गुन्हा आहे.

नळी – उजेडाकडे धरून आतून बघावी. आतला भाग आरशासारखा हवा. काळे खड्डे म्हणजे गंजाने धातू खाल्लेला आहे. बाहेरून पोचा असेल तर आत फुगवटा येतो. दुनळीच्या नळ्या सुट्या करून टांगाव्यात आणि बोटाने टिचकी मारावी. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर जोड पक्का आहे. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे.

नळीवरची नक्षी – जुन्या काही नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून त्या केलेल्या असतात. काळ्या दारूच्या जमान्यातल्या या नळ्या आजच्या काडतुसाचा जोर सहन करतीलच असं नाही. दिसायला देखण्या, पण बार काढायला धोक्याच्या.

काडतुसाचं घर – जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं, आजचं काडतूस ७० चं. ते आत बसतं, पण उडताना पुढे उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बऱ्याच नळ्यांवर हे माप कोरलेलं असतं.

सांधा आणि दस्ता – बंदूक बंद करून हलवावी. सांध्यात खडखड झाली तर ती झिजली आहे. दस्त्याला मानेपाशी चीर आहे का, सेफ्टी पकडते का, तेही बघावं.

यातलं काही कळत नसेल तर परवानाधारक कारागिराला दाखवावं. त्याची मजुरी देणं परवडतं. फुटलेल्या नळीने गेलेली बोटं परत येत नाहीत.

काडतुसांचं काय?

काडतुसांना बंदुकीचेच नियम आहेत. परवान्यावर लिहिलेल्या प्रकाराची आणि तेवढीच काडतुसं परवानाधारक दुकानातून घ्यायची, खरेदीची नोंद करून घ्यायची. शेजाऱ्याकडे उरलेली चार काडतुसं अर्ध्या किमतीत मिळाली, हा फायदा नाही. बंदूक नसताना खिशात एक जिवंत काडतूस सापडलं तरी गुन्हा होतो.

जुन्या पेट्यांमध्ये कागदी नळकांडीची काडतुसं निघतात. ती ओल धरून फुगतात, पितळेवर हिरवा थर चढतो. ती वापरू नयेत, फोडू नयेत, चुलीत किंवा विहिरीत टाकू नयेत. बंदुकीबरोबरच जमा करावीत. वेगवेगळ्या बोरची काडतुसं एका डब्यात ठेवणंही जिवावर बेततं. वीसबोरचं काडतूस बाराबोरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. त्यामागे बाराचं घालून चाप ओढला तर नळी हातातच फुटते.

बंदूक उसनी देण्याचा प्रकारही थांबवावा. परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी पत्राने दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा त्याच्याच वापरासाठी दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. ‘आज रात्री राखणीला जरा दे रे’ याला कायद्यात जागा नाही.

संग्रहाचा शौक असेल तर

काहींना जुन्या बंदुका जमवण्याची हौस असते. चालणाऱ्या बंदुकांचा संग्रह करायला २ ची मर्यादा आडवी येते. नेमबाजीच्या क्लबचे सदस्य सरावासाठी ठेवतात त्या पॉइंट टूटू रायफलला त्यात सूट आहे, घरच्या संग्रहाला नाही.

हौशी माणसासाठी दोन वाटा आहेत. कलम ४५ प्रमाणे जुन्या घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोलाची किंवा मोडकी बंदूक, जी दुरुस्त करूनही चालू शकत नाही, ती या कायद्यातून बाहेर आहे. तसंच फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘क्युरिओ’ प्रकारातली छोटी शस्त्रं नुसती जवळ ठेवायला भारतीय नागरिकांना परवान्यातून सूट दिली. मात्र ती वापरायची, बाळगून फिरायची किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची असेल तर परवाना लागतो. परवान्यावर नोंद नसेल तर तिच्यासाठी काडतूसही मिळत नाही.

यातली मेख अशी की बंदूक ‘क्युरिओ’ आहे किंवा ‘चालू शकत नाही’ हे मालकाने स्वतः ठरवायचं नसतं. आजोबांची केपाची बंदूक गंजलेली दिसते, पण कारागीर दोन तासांत ती चालू करू शकत असेल तर ती बंदूकच आहे. म्हणून फोटो आणि माहिती देऊन गृह शाखेकडून लेखी उत्तर घ्यावं आणि ते वस्तूबरोबर जपावं. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदाही लागू होऊ शकतो. अशी पुराणवस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. नुसती बघायची हौस असेल, तर कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथे जुनी शस्त्रं बघायला मिळतात. तिथे तिकिटापलीकडे कुठलाही कागद लागत नाही.

मोबाईलवरचा सौदा

‘मी फौजेत आहे, बदली झाली, बंदूक स्वस्तात देतो, आधी अर्धे पैसे पाठवा.’ गाडीच्या नावाने फसवणारेच हा डाव बंदुकीच्या नावाने खेळतात. पैसे गेले तरी माणूस तक्रार करायला घाबरतो, कारण आपणच बेकायदा वस्तू मागवत होतो. फसवणाऱ्याचं भांडवल हीच भीती आहे. फेसबुकने २०१६ पासून खासगी बंदूक विक्रीच्या पोस्टवर बंदी घातली आहे. तरी पोस्ट दिसली, तर ती नियम मोडूनच टाकलेली आहे.

खरोखर वस्तू हातात आली तर धोका आणखी मोठा. गावठी कट्ट्याला ना क्रमांक असतो, ना नळीची चाचणी. त्याला परवाना कधीच मिळू शकत नाही. बेकायदा बंदूक बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कट्टा हातात धरून काढलेलं स्टेटस हा पोलिसांच्या हातातला आयता पुरावा ठरतो. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. पैसे गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आजच करायची कामं

घरात परवान्याची बंदूक असेल तर परवाना काढून मुदत बघा, यूआयएन बघा, बंदुकीवरचा क्रमांक ताडून बघा. मुदत संपत आली असेल तर आत्ताच नूतनीकरणाचा अर्ज करा. परवानाधारक वारले असतील तर पोलीस ठाण्यात फोन करा आणि बंदूक जमा करून पावती घ्या. आजोबा सत्तरीपार असतील तर वारसाचं नाव पुढे करण्याबद्दल गृह शाखेत विचारा. विकायची असेल तर घेणाऱ्याचा परवाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा, लेखी कळवा आणि ४५ दिवस थांबा.

आणि ग्रुपवर ‘स्वस्तात देणे आहे’ असा फोटो आला, तर किंमत विचारण्याआधी एकच विचारा : ‘परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि तो माणूस हयात आहे का?’ पोस्ट टाकणाऱ्याकडे याचं उत्तर नसेल, तर त्याला हा लेख पाठवा. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच माहीत नसतं की वडिलांच्या माळ्यावर काय पडून आहे.